लक्ष्मीनारायणाचे दार : जमनालाल बजाज

वर्धा शहराच्या भरवस्तीत लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. बाजारात येणारा माणूस जाता जाता आत शिरतो, घंटा वाजवतो, हात जोडतो आणि आपल्या कामाला लागतो. त्याला दारात कोणी अडवत नाही, त्याची जात कोणी विचारीत नाही, आणि असे काही कधी विचारले जात होते हेही त्याच्या मनात येत नाही. आपण विद्यार्थी तर या देवळाकडे पाहतही नाही, कारण ते रोजचेच झाले आहे. पण हे जे ‘रोजचे’ आहे ते एका माणसाने आपल्या जातीचा, आप्तांचा आणि व्यापारातील सोबत्यांचा रोष पत्करून मिळवलेले आहे. तो माणूस म्हणजे शेठ जमनालाल बजाज.

जमनालालजींची ओळख आपल्याला उद्योगपती, गांधीजींचे पाचवे पुत्र आणि काँग्रेसचे खजिनदार अशी असते. या लेखात त्यांचे चरित्र एका वेगळ्या वाटेने पाहायचे आहे. देवाचे घर गावाचे काय करते? ते गावाला जोडते की तोडते? हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा आला आणि त्यांनी तो शब्दांनी नव्हे, तर कृतीने सोडवला.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. वडील कनीराम हे साधे, बेताच्या परिस्थितीतले गृहस्थ होते, आईचे नाव बिरदीबाई. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांचा मुलगा अकाली वारला होता. घराण्याचे नाव चालावे म्हणून त्यांनी या चार-पाच वर्षांच्या मुलाला नातू म्हणून दत्तक घेतले. मुलाच्या बदल्यात आईवडिलांनी पैसा घेतला नाही, तेव्हा पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या त्या गावात बच्छराजांनी विहीर बांधून दिली, असे चरित्रकार सांगतात. पुढे ज्या माणसाने आपल्या विहिरी सर्व जातींना मोकळ्या केल्या, त्याच्या आयुष्याची सुरुवात एका सार्वजनिक विहिरीने व्हावी, हा मोठा अर्थपूर्ण योग म्हटला पाहिजे.

वर्ध्यातले शालेय शिक्षण चार वर्षांतच आटोपले आणि मुलगा पेढीवर बसू लागला. खर्चायला रोज एक रुपया मिळे. तो साठवून जमलेले पहिले शंभर रुपये त्याने नागपुरातून निघणाऱ्या ‘हिंदी केसरी’ला दिले. लोकमान्यांच्या नावाचा प्रभाव तेव्हा विदर्भातल्या तरुणांवर असा होता. १९०२ मध्ये जानकीदेवींशी विवाह झाला. वराचे वय बारा, वधूचे नऊ.

सतराव्या वर्षी घडलेला प्रसंग त्यांच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली आहे. एका लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून बच्छराज रागावले आणि आपल्या संपत्तीची जाणीव करून देणारे बोलले. मुलगा मुकाट्याने उठला. त्याने स्टँप कागदावर लिहून दिले की या इस्टेटीवर माझा कसलाही हक्क नाही, आणि तो नेसत्या वस्त्रानिशी घर सोडून निघाला. बच्छराजांना पश्चात्ताप झाला आणि त्यांनी त्याला समजावून परत आणले. थोड्याच काळात, १९०७ मध्ये, बच्छराज वारले आणि सारी मालमत्ता जमनालालांकडे आली. पण एकदा सोडलेले धन त्यांनी मनाने पुन्हा आपले मानले नाही. वारशात आलेली रक्कम हिशेब करून त्यांनी पुढे व्याजासह सार्वजनिक कामी लावली. विश्वस्तवृत्तीचा सिद्धांत गांधीजींनी नंतर मांडला, पण या मारवाडी तरुणाने तो त्याआधीच आचरणात आणला होता.

सरकारदरबारी त्यांचा मान वाढत गेला. ऑनररी मॅजिस्ट्रेटचे पद मिळाले, रायबहादूर ही पदवी मिळाली. परंतु आफ्रिकेतून परतलेल्या गांधींकडे त्यांचे मन ओढले गेले होते. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. जमनालालजी स्वागताध्यक्ष होते. तेथेच त्यांनी गांधीजींपुढे एक विलक्षण मागणी ठेवली: मला आपला पाचवा मुलगा माना. एकदा दत्तक गेलेला हा मुलगा स्वतःहून दुसऱ्यांदा दत्तक गेला. पहिल्या दत्तकाने त्याला संपत्ती दिली, दुसऱ्याने ती कशी वापरायची हे शिकवले. पदवी परत गेली. वकिली सोडणाऱ्या देशभक्तांच्या निर्वाहासाठी एक लाख रुपये दिले गेले. एप्रिल १९२१ मध्ये तरुण विनोबा वर्ध्याला आले आणि सत्याग्रहाश्रम सुरू झाला. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात जमनालालजी तुरुंगात गेले. घरात जानकीदेवींनी दागिने उतरवले, पडदा सोडला आणि विलायती कपड्यांची होळी केली. मारवाडी घरातील सुनेने हे करणे त्या काळात तुरुंगात जाण्याहून सोपे नव्हते.

येथे थोडा वेळ वर्धा सोडून पंजाबात जाऊ या, कारण देवळाच्या दाराचा प्रश्न त्याच दिवसांत तिथे एका वेगळ्या रूपाने उभा होता.

शिखांच्या गुरुद्वारात गेलेल्यांना तिथली रीत माहीत आहे. डोके झाकावे, पाय धुवावे आणि आत जावे. पुढे लंगर असतो. त्यात राजा आणि रंक एकाच पंगतीत जमिनीवर बसतात, एकच अन्न खातात, आणि वाढणारा व भांडी घासणारा कोणत्या जातीचा हे विचारायचे नसते. अमृतसरच्या हरमंदिराला चारही दिशांना दारे आहेत. आपल्या महाराष्ट्रातील नांदेडला गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला. तेथील हुजूरसाहिबमध्येही गोदाकाठच्या मराठी माणसाला हीच पंगत मिळते. देवाचे दर्शन आणि शेजाऱ्याबरोबरचे जेवण या दोन गोष्टी गुरूंनी वेगळ्या ठेवल्या नाहीत. म्हणून गुरुद्वारा हे केवळ प्रार्थनेचे ठिकाण राहत नाही. तो वाटसरूचा आसरा होतो, भुकेल्याचे स्वयंपाकघर होतो आणि साऱ्या वस्तीची बैठक होतो.

परंतु उत्तम रीतसुद्धा आपोआप टिकत नाही. एकोणिसाव्या शतकापासून अनेक गुरुद्वारे महंतांच्या हाती गेले होते आणि जातिभेदही मागच्या दाराने आत आला होता. ऑक्टोबर १९२० मध्ये दलित समाजातून शीख झालेल्या काही लोकांनी अमृतसरच्या सुवर्णमंदिरात कडाह प्रसाद अर्पण केला, तेव्हा पुजाऱ्यांनी तो घेण्यास नकार दिला. वाद झाला. शेवटी ग्रंथसाहिब उघडून कौल घेतला गेला. तो त्या लोकांच्या बाजूचा निघाला आणि प्रसाद स्वीकारला गेला. त्यानंतर पुढच्याच महिन्यात गुरुद्वारा प्रबंधक कमिटी स्थापन झाली. फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना येथे महंताच्या माणसांनी शंभराहून अधिक शिखांची हत्या केली. पाच वर्षांच्या झगड्यानंतर १९२५ च्या कायद्याने गुरुद्वारे समाजाच्या निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती आले. देऊळ कोणाचे, महंताचे की समाजाचे, हा प्रश्न पंजाबने रक्त सांडून सोडवला. १९२४ मध्ये केरळातील वैकोम येथे मंदिराभोवतीच्या रस्त्यांसाठी सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा तिथल्या सत्याग्रहींसाठी अकाल्यांनी हजारो मैलांवर जाऊन लंगर उघडला. हिंदूंच्या दोषाचे प्रायश्चित्त हिंदूंनीच घ्यावे असे गांधीजींना वाटत असल्यामुळे तो पुढे बंद झाला.

हिंदूंनीच घ्यावयाचे ते प्रायश्चित्त वर्ध्यातील एका हिंदूने मनावर घेतले.

लक्ष्मीनारायणाचे मंदिर विसाव्या शतकाच्या आरंभी बच्छराजांच्या घराण्याने बांधले होते. म्हणजे जमनालालजींना ते वारशानेच आले होते. तरीही ते त्यांच्या एकट्याच्या मालकीचे नव्हते. त्याचे विश्वस्त होते, पुजारी होते, आणि दर्शनाला येणारा सनातनी समाज होता. देऊळ बांधणाऱ्याच्या नातवाला हुकूम सोडून दार उघडता आले असते, पण अशा हुकमाने उघडलेले दार दुसऱ्या हुकमाने बंद होते. त्यांनी विश्वस्तांचे मन वळवण्याचा लांबचा रस्ता धरला. या कामी त्यांना काही वर्षे खर्चावी लागली. शेवटी विश्वस्तांचा ठराव झाला आणि जुलै १९२८ मध्ये, तोवर ज्यांना अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवले जाई त्या बांधवांसाठी मंदिर खुले झाले. देशातल्या नावाजलेल्या देवळांपैकी असे खुले झालेले हे अगदी पहिल्यांतले एक.

आज हे वाक्य सहज लिहिता येते, म्हणून काळाचा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह प्राशन केले ते मार्च १९२७ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीला अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह १९२९ चा, नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० चा. त्रावणकोरच्या महाराजांनी मंदिरे उघडली ती १९३६ मध्ये. आणि आपल्या सगळ्यांच्या पंढरपूरच्या विठोबाचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. म्हणजे वर्ध्यातले दार पंढरपूरच्या सुमारे एकोणीस वर्षे आधी उघडले. यावरून जमनालालजींच्या धैर्याचे माप कळते, आणि बाहेरून दारावर पडणाऱ्या धडकांचा आवाज त्यांना ऐकू येत होता हेही कळते.

या धैर्याची किंमत त्यांना द्यावी लागली. मारवाडी समाजातील सनातनी मंडळी आधीच नाराज होती, आता जातीच्या पंचांचा बहिष्कार आला. व्यापारी माणसाला जातीचा बहिष्कार म्हणजे नुसता मानापमान नसतो. पेढीचे व्यवहार, हुंड्या, मुलामुलींची लग्ने, सुखदुःखाला धावून येणारी माणसे, हे सगळे जातीच्या धाग्यात गुंफलेले असते. जमनालालजींनी रागावून जात सोडली नाही आणि भिऊन पाऊल मागेही घेतले नाही. ते शांतपणे सोसत राहिले आणि काम वाढवीत राहिले. १९२९ मध्ये काँग्रेसने अस्पृश्यता निवारणासाठी समिती नेमली. पंडित मालवीय तिचे अध्यक्ष होते आणि जमनालालजी चिटणीस. त्याच वर्षी वऱ्हाडात एलिचपूरचे दत्तमंदिर खुले झाले, त्यातही त्यांचा हात होता. देवळांबरोबर विहिरींचा प्रश्न त्यांनी सतत लावून धरला. देवाच्या दर्शनावाचून माणूस जगू शकतो, पाण्यावाचून नाही.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याची छावणी त्यांच्या नेतृत्वाखाली होती. त्यांना पुन्हा तुरुंगवास घडला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या श्रोत्यांत जमनालालजीही होते. इकडे ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी आपला हरिजन दौरा वर्ध्याहून सुरू केला आणि आपल्या जिल्ह्यातील सेलू येथे एक मंदिर खुले करून त्याचा श्रीगणेशा केला. साडेबारा हजार मैलांच्या त्या प्रवासाचे पहिले पाऊल या मातीवर पडले याचा अभिमान आपल्याला वाटला पाहिजे. गांधीजी वर्ध्याकडे ओढले गेले ते जमनालालजींच्या आग्रहामुळे. १९३४ मध्ये त्यांनी आपली बाग व बंगला ग्रामोद्योगाच्या कामासाठी दिला, तीच मगनवाडी. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगाव या खेड्यात राहायला गेले. तेथील बरीचशी जमीन जमनालालजींची होती. हेच गाव पुढे सेवाग्राम झाले.

आणि नेमक्या या ठिकाणी, दुसऱ्याच दिवशी, आपल्या कथेतले दोन धागे एकमेकांना भेटतात.

हिंदू म्हणून मरणार नाही, हा निर्धार डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला जाहीर केला होता. त्यानंतर ते शीख धर्माचा गंभीरपणे विचार करीत होते. एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरला शिखांच्या परिषदेस गेले. तेथून परतल्यावर १ मे रोजी उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यासह ते शेगावला गांधीजींना भेटले. अमृतसरच्या लंगराची पंगत नुकतीच पाहून आलेला हा नेता वर्ध्याच्या परिसरात आला होता. इथे आठ वर्षांपूर्वी एका देवळाचे दार उघडले होते आणि तो त्या बातमीने विरघळणारा नव्हता. मंदिरप्रवेश हा त्यांच्या दृष्टीने मुख्य प्रश्नच राहिला नव्हता. आत येऊ देणाऱ्याचा मोठेपणा मान्य करून आत जायचे, तर आत-बाहेर ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. ज्या धर्मात पायऱ्यांची उतरंड तशीच राहते, तिथे गाभाऱ्यात उभे राहण्याने काय साधणार, असा त्यांचा सवाल होता. भेटीतून मार्ग निघाला नाही. शीख धर्माचा विचारही पुढे मागे पडला. वीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, वर्ध्याहून फार दूर नसलेल्या नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला.

जमनालालजींचे चरित्र लिहिताना हा भाग गाळण्याचा मोह होतो. पण तो गाळला तर चरित्र लहान होते. जमनालालजींनी दार उघडले हे खरे, आणि दार उघडले म्हणून सारे आत आले नाहीत हेही खरे. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबांनी त्या दारातून आत जाण्याऐवजी स्वतःचा वेगळा रस्ता धरला. म्हणून जमनालालजींचे कृत्य फुकट गेले का? मला तसे वाटत नाही. बाहेर उभा असलेला माणूस आत यावा की न यावा हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे. परंतु आत असलेल्याने आपला अडसर काढून टाकणे हे त्याचे स्वतःचे कर्ज आहे, आणि ते समोरच्याच्या येण्या-न येण्यावर अवलंबून नाही. जमनालालजींनी ते कर्ज फेडले. उपकार म्हणून नव्हे, हिशेब चुकता करायचा म्हणून. वारशातली रक्कम व्याजासह परत करणाऱ्या माणसाला ही दृष्टी नवीन नव्हती.

शिवाय ते दारापाशी थांबले नाहीत. देवळाने जे करायला हवे ते त्यांनी देवळाबाहेर केले. बजाजवाडीत देशभरातून येणाऱ्या कार्यकर्त्यांची पाने मांडली जात. देशाचे पुढारी आणि खेड्यातला सूतकताई शिकणारा पोरगा यांना त्या घरात सारखेच आदरातिथ्य मिळे. ती वर्ध्याची पंगतच होती. महिलाश्रम, चरखा संघ, राष्ट्रभाषा प्रचार समिती, पवनारला विनोबांना दिलेला धाम नदीकाठचा बंगला, अशा किती संस्था त्यांच्या आधाराने उभ्या राहिल्या! जयपूर संस्थानात प्रजेच्या हक्कांसाठी ते १९३९ मध्ये पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी त्यांनी सगळा व्याप कमी करून गोसेवेला वाहून घेतले आणि गोपुरीत एका झोपडीत राहू लागले. लक्षावधी रुपयांच्या उलाढालीचा धनी शेणामातीने सारवलेल्या जमिनीवर समाधानाने राहिला. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, त्यांचे अचानक निधन झाले. पाच महिन्यांनी, जुलै १९४२ मध्ये, इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यातच केला. ते पाहायला यजमान मात्र नव्हता.

गोपुरीला आपण सहलीला जातो, तेव्हा तिथले गीताई मंदिर पाहतो. १९८० मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्यात मूर्ती नाही आणि वर छप्परही नाही. उभ्या शिलांवर गीताईचे अठरा अध्याय कोरलेले आहेत आणि वाचता येईल त्याने ते वाचत फिरावे. या मंदिराला बंद करता येईल असे दारच नाही, म्हणून ते उघडण्याचा प्रश्नही उरलेला नाही. शेजारीच जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या प्रेरणेने उभा राहिलेला पांढराशुभ्र विश्वशांती स्तूप आहे. लक्ष्मीनारायणाच्या देवळापासून या दोन वास्तूंपर्यंत चालत गेले, की आपल्या गावाचा एका शतकाचा प्रवास पायाखालून जातो.

पण या प्रवासाचा शेवट गोपुरीत होत नाही. देवळाचे दार उघडे आहे, तसे आपल्या घराचे आहे काय? वसतिगृहात कोण कोणाच्या खोलीत राहतो, डबा खाताना कोण कोणाशेजारी बसतो, लग्नपत्रिका कोणाला जाते, याचा हिशेब आपण प्रत्येकाने मनाशी करून पाहावा. पंजाबचा अनुभव सांगतो की चार दारांच्या मंदिरातही भेद शिरू शकतो आणि त्याला रोज बाहेर काढावे लागते. वर्ध्याचा अनुभव सांगतो की एक माणूस ठरवील तर पिढ्यान्‌पिढ्यांचा अडसर निघू शकतो, मात्र त्याची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. पुढच्या खेपेला बाजारात जाताना लक्ष्मीनारायणाच्या देवळापाशी क्षणभर थांबावे आणि त्याच्या दाराकडे पाहावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.